मावशींचे पाय

“हा कागद कोणी रंगवला?” सिस्टर ओरडली, आणि पांझरेच्या पुलावरचे बगळे उडून थेट तापीकाठी उतरले. शपथेवर सांगतो, खिडकीतून पाहिले.

कागद माझ्याच खाटेचा. मी पाणी किती प्यायलो, लघवी किती झाली, हे बायको त्यावर लिहायची. पाठची बाजू कोरी होती. भडगावच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेल्या माणसाने ती कोरी ठेवायची म्हणजे म्हशीने उसाच्या फडातून तोंड बांधून जायचे!

देवपुरातल्या त्या दवाखान्यात माझ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढला होता. लोकांना मी हातभर सांगतो. डॉक्टरांनी बजावले होते की तिसऱ्या दिवशी दारापर्यंत चालायचेच. पडून राहिलात तर छातीत कफ धरेल आणि घरी जाणे लांबेल. तिसरा दिवस गेला, चौथा उजाडला, मी खाटेवरच. उठलो की टाके उसवणार आणि उरलेली आतडी फरशीवर येणार, याची मला खात्री होती. हे बायकोला सांगवेना, म्हणून चित्रे काढत होतो.

सिस्टरला मी आठ हातांची महाराणी केले होते, सलाइनच्या स्टँडच्या उंटावर बसलेली. यात वाढवून काही नाही. एका हाताने सुई, दुसऱ्याने नाडी, तिसऱ्याने फोन, चौथ्याने शेजारच्या आबांच्या उशीखालची बिडी जप्त. हे दोन हातांचे काम असेल तर मी कुंचला तापीत बुडवतो. डॉक्टर आत्ता येतील, त्यांना लघवी दाखवू की उंट, असे ती करवादली. मग आकडे नव्या कागदावर उतरवले. जुना मात्र फाडला नाही.

त्याच कागदावर खाली मावशी होत्या. वॉर्ड झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, आणि माझे नव्वद किलोचे धूड पाठीखाली हात घालून लोडासारखे कुशीवर वळवणाऱ्या. त्यांना मी आकाशातून उडणारी राक्षसीण केले होते. डोक्यावर अख्खा सातपुडा, शिखरावर माझी खाट, कमरेखाली ढगच ढग.

मावशी वाकून बघत राहिल्या.

“मना पाय कोठे शेतस?”

ढगात आहेत, म्हटले. त्यावर त्यांनी अहिराणीत माझी बिनपाण्याने केली. दिवस उगवायच्या आधीपासून त्या या वॉर्डात पायांवर फिरतात, बठ्ठी, म्हणजे सगळी, कमाई पायांची, आणि मी नेमके तेच छाटले!

खरे सांगायचे तर मला पाय काढता येत नाहीत. जन्मभर ते गवतात, पाण्यात, ढगात लपवले, आणि मुलांनाही तेच शिकवले. तरी ऐटीत म्हणालो, द्या इकडे, आत्ता काढतो.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. सलाइनची सुई चिकटवतात त्याच पट्टीने सिस्टरने तो कागद दाराच्या चौकटीला चिकटवला.

“काढायचेत ना पाय? मग या इथे, काका.”

खाटेपासून दार वीस पावले. त्या दिवशी मात्र ते मुक्ताईनगरला होते. एक हात पोटावर, दुसरा मावशींच्या खांद्यावर. सिस्टर बाटली धरून मागे. तिसऱ्या पावलाला मी मेलो, सातव्याला परत जिवंत झालो. मध्येच मावशी म्हणाल्या की टाके दोऱ्याचे शेतस, कणकेचे नही. मी हसलो. टाके दुखले, पण उसवले नाहीत.

दाराशी टेकून मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे पाय नीट पाहिले. रुंद पंजे, भेगाळलेल्या टाचा, घासून पातळ झालेली जोडवी. पाय तेवढे जसे होते तसे काढले. तसले पाय मी पुन्हा कधी काढले नाहीत. माझी छाती गिरणा धरणाएवढी फुगली होती.

“आता झालं ना, मावशी?” मी विचारले.

त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत पाहिले.

“मी चपला घालस, गुरुजी.”