कोरी वही

भांडुपच्या एका शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या संघमित्रा बाईंना मुलांच्या कोऱ्या वह्यांवरून कुणी बोललेलं अजिबात खपत नसे. त्यांच्या वर्गात मुलं वितीने बाक मोजायची, प्रत्येकाचं उत्तर वेगळं यायचं, भांडणं जुंपायची आणि मग मोजायला पट्टी कशाला लागते हे कुणी न सांगता कळायचं. पालकांना मात्र वही भरलेली हवी!

शेवटी बाईंनी पालकसभेत जमलेल्या आयांनाच बाक मोजायला लावला. कुणाच्या सात विती भरल्या, कुणाच्या नऊ. "तुझी वीतच खोटी गं!" म्हणत बायका हमरीतुमरीवर आल्या, मग पोट धरून हसल्या.

"आता कळलं ना, मुलं काय शिकतात?" बाईंनी खुशीत विचारलं.

"झकास कळलं," निलेशची आई म्हणाली. "पण बाई, हे वहीत कधी उतरवून देणार?"

बाईंनी कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी!

त्याच दुपारी त्या मुलुंडला, स्वतःच्या लेकीच्या शाळेतल्या पालकसभेला गेल्या. तिथली तरुण शिक्षिका उत्साहाने सांगू लागली, "यंदा आम्ही खेळातून गणित..."

"ते असू दे हो मॅडम," संघमित्रा बाई म्हणाल्या, "आधी वही दाखवा."