तैवानातही साहेब ते साहेबच!

रिटायर झालेल्या लोकांनी एकत्र परदेशी जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. ऑफिसातले किस्से निदान संध्याकाळी ऑफिसबरोबर बंद व्हायचे. ट्रिपमध्ये ते नाश्त्यालाच सुरू होतात, आणि घरी आल्यावर बॅगेतून मळक्या कपड्यांबरोबर ढिगाने बाहेर पडतात!

आम्ही चौघे नाशिकच्या एका ड्रेनेज ऑफिसातले. देशमुख साहेब इंजिनिअर, शिरसाठ बाई टायपिस्ट, देवळ्याचे आहेर पंप ऑपरेटर आणि मी, गायकवाड, क्लार्क. बत्तीस वर्षं एका छपराखाली काढली, पण साहेब माझ्या शेजारी बसून कधी जेवले नाहीत. तैवानला जाऊन मला काय बघायचं होतं? तर तेवढंच! डोंगर काय, इगतपुरीलाही आहेत.

*

पहिल्याच संध्याकाळी तैपेईच्या खाऊगल्लीत शिरलो आणि एक जबरदस्त वास आला. साहेबांनी जागच्या जागी थांबून नाक वर केलं.

"गायकवाड, लाईन चोक आहे. चेंबर बघा."

आणि मी, रिटायर होऊन चार वर्षं झालेला माणूस, वाकून झाकण शोधायला लागलो! आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

आमची गाईड मिस लिन हसत सुटली. वास आंबवलेल्या टोफूचा होता. तो तळून, वर कोबीचं लोणचं घालून देतात. आत मऊ, बाहेर कुरकुरीत, एक नंबर! मी साहेबांपुढे द्रोण धरला.

"आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध नोटिसा काढल्या," साहेब म्हणाले, "ते आता खाऊ?"

*

शिरसाठ बाईंचा किस्सा चहाचा. डोंगरातल्या मळ्यात एका म्हातारीने आमच्यासाठी चहा केला. कुंकवाच्या करंड्याएवढे कप. पहिलं पाणी तिने कपांवरून फिरवून ओतून दिलं, तेव्हाच बाई कळवळल्या, "अगं बाई, चांगला चहा टाकला की!"

दुसरं पाणी मात्र काय सुंदर होतं! नुसता फुलांचा वास. मी डोळे मिटले. उघडले तर बाई पर्समधून दुधाची पावडर, साखर आणि सुंठ काढून किटलीत ढवळत होत्या!

म्हातारीने एक घोट घेतला. उठली आणि ती किटली तीनदा धुतली.

"बघा," बाई माझ्या कानात म्हणाल्या, "किती स्वच्छ आहेत हो ही माणसं!"

*

साहेबांना शुद्ध शाकाहारी पाहिजे होतं. म्हणून मिस लिनने आम्हाला बौद्ध लोकांच्या खानावळीत नेलं. मशरूम, सोयाबीन, भाज्या, सगळं झकास. आहेर मात्र ताट उलथंपालथं करून काहीतरी शोधत होते.

"कांदा?"

मिस लिनने सांगितलं, इथे कांदा-लसूण चालत नाही.

"कांदा नाय?" आहेर उभेच राहिले. "मग लोकं खातेत तरी काय? मी चार एकर लावलाय ना!"

तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. "गायकवाड, हे तुमचेच लोक ना? कांदा का चालत नाही, विचारा जरा."

माझे लोक! अहो, आम्हीही बौद्धच, पण आमच्या घरी रविवारच्या मटणाला पावशेर कांदा भाजतात! बत्तीस वर्षांत साहेबांनी माझ्या समाजाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही कांद्याचा! उत्तरासाठी तोंड उघडलं, तर साहेब ताट उचलून पंख्याखालच्या टेबलावर गेलेसुद्धा. एकटेच.

*

आहेरांनी देवळ्याला कांद्याच्या जोडीला तैवान पिंक पेरू लावलाय. 'मूळ पेरू' खाऊन बघायचा, म्हणून ते ट्रिपला आलेले. फळांच्या गाडीवर गेलो. पेरू नारळाएवढे, करकरीत, वर आंबटगोड आलुबुखाराची पूड. पण आतून पांढरे! दुसरा कापला, पांढरा. तिसरा, पांढरा.

"नर्सरीवाला म्हणला, डायरेक तैवानचा हाय!" आहेरांचं डोकं फिरलं. त्यांनी मोबाईलवर आपल्या बागेतल्या गुलाबी पेरूचा फोटो त्या गाडीवालीपुढे धरला.

तिने शेजारच्या दोन गाडीवाल्यांना हाका मारल्या आणि कौतुकाने दाखवलं, "इंडियन पेरू!"

*

मग आली साहेबांची संकष्टी. चार दिवस गाडीवरच्या कशालाही हात न लावणाऱ्या या माणसाने त्या दिवशी बबल टी म्हणजे काय ते विचारलं. दूध, चहा, साखर आणि कंदाच्या पिठाचे गोळे, मिस लिन म्हणाली.

"म्हणजे साबुदाणाच! उपवासाला चालतो."

तीन ग्लास! तीन! आम्ही दिलेलं खायचं तर नाक मुरडायचं, आणि शास्त्रात बसवून घेतलं की दणकून चालतं! वर शिरसाठ बाईंना विचारतात, "चंद्रोदय इथला धरायचा की नाशिकचा?"

"इथला लवकर होतो, साहेब."

"मग इथलाच."

*

शेवटच्या दिवशी डोंगरावरच्या एका जुन्या गावात गेलो. तिथे शेंगदाण्याच्या चिक्कीची भलीमोठी लादी रंध्याने तासतात, तो भुगा पातळ पोळीवर पसरतात, वर आइस्क्रीम आणि चक्क कोथिंबीर घालून गुंडाळी करतात! साहेबांनी एक रोल घेतला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि जे बत्तीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. साहेब बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"गायकवाड," ते म्हणाले, "तुम्ही ऑफिसात रोज डबा पुढे करायचात. मी म्हणायचो, आज पथ्य आहे."

"हो."

"मला कधी कुठलं पथ्य नव्हतं हो."

हे काय मला ठाऊक नव्हतं? शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं! निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी तरीही डबा पुढे करत होतो.

साहेबांनी आपला अर्धा रोल माझ्यापुढे धरला. "घ्या. एक घास घ्या."

शिरसाठ बाई आणि आहेर दोघेही बघत होते. चिक्कीचा खमंग वास येत होता. तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोलू!

"नको, साहेब," मी म्हणालो. "आज पथ्य आहे."

आइस्क्रीम वितळून साहेबांच्या मनगटावरून घड्याळापर्यंत आलं, तरी हात काही खाली येईना.