आरोपी आणि मुद्देमाल एकाच कोंडवाड्यात

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप नाकाकडे जातो. सौ. ते बघते आणि हसते. का हसते, ते ओघात येईलच.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं होती. वडसा भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. तिकडे हिवाळा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. आज या गावी मंडप, उद्या त्या गावी, आणि मंडप तिथे आमचा बंदोबस्त. नाटकं मी केवळ कर्तव्य म्हणून पाहतो, असं मी घरी सांगत असे. त्यावर कोणी विश्वास ठेवत नसे.

एका सकाळी हजेरी घेत असताना आमच्या जुन्या खबऱ्याचा फोन आला. तो एका नाटक कंपनीत पडदे ओढायचा आणि दुसऱ्या कंपन्यांच्या भानगडी आम्हाला कळवायचा.

"साहेब, राईस मिलवाल्या कंपनीत घोडा आला हाय. विदेशातला मामला हाय म्हणते. कागद एक बी नाई. लपवून ठेवून राह्यले."

आता पोलिसाच्या कानाला घोडा म्हणजे पिस्तूल. त्यात विदेशी, त्यात विनापरवाना, आणि जिल्हा गडचिरोली! मी वरिष्ठांना कळवलं, दोन पंच बोलावले, पथकाला बुलेटप्रूफ जॅकेटं चढवली आणि कंपनीची तालीम चाले त्या बंद राईस मिलला घेराव घातला. जॅकेट मला पोटावर बसेना, म्हणून मी ते खांद्यावर टाकलं होतं. कंपनीचा मॅनेजर हात जोडत बाहेर आला.

"घोडा कुठं आहे?" मी दरडावलं.

"मागं हाय साहेब. बांधला हाय."

"बांधला?"

"मंग? मोकळा सोडला तर पळन ना!"

जमादार माझ्याकडे बघायला लागले. मी तरी माघार घेईना. "भरलेला आहे का?"

"नाई साहेब, सकाळपासून काईच खाल्लं नाई त्यानं."

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीच्या आडोशाला खरोखरचा घोडा उभा होता. लग्नाच्या वरातीतला नव्हे. उंच, तांबूस, लांब पायांचा, अंगावर चमक अशी की आमच्या जीपला कधी आली नाही. पंचनाम्यात काय लिहावं या विचारात मी पुढे होऊन त्याच्या नाकावर थोपटलं.

"साहेब, हात नका लावू!" कोपऱ्यातून एक माणूस ओरडला.

तेवढ्यात घोडा माझ्या थेट तोंडावर शिंकला.

ओरडणारा माणूस पन्नाशीचा, सडपातळ, हातात फिनाईलची बादली. तो सईस होता, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची देखभाल करणारा. मूळचा झाडीपट्टीतलाच, पण उमर हैदराबादच्या तबेल्यात गेलेली. कंपनीत नेपथ्याचं सुतारकाम करणारा त्याचा साडू. त्याच्या ओळखीनं हा घोड्यासकट इथं येऊन राहिला होता. घोडा कोणाचा, हे मात्र तो सांगेना. ठाण्यात आणून बसवला तरी तोंडाला कुलूप.

"भाऊ, चोरीचा हाय ना?" जमादारांनी गोडीनं विचारलं. "कोणाले विकणार होता?"

"विकाचा नाई."

"मंग पळवला काऊन?"

त्याने मान भिंतीकडे फिरवली. जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, भाव जमला नसन त्याचा." मलाही तसंच वाटलं. चोरी म्हटली की पोलिसाला आधी गिऱ्हाईक आठवतं.

पण तेवढ्यात कंपनीचा मॅनेजर तक्रार घेऊन आला. आपल्याच कंपनीवर छापा पडलाय, याचं त्याला काही नव्हतं. दुःख वेगळंच होतं. "साहेब, आमी पोस्टरवर छापलं, रंगमंचावर जिवंत घोडा! पब्लिक घोडा पाहाले येते. अन् हा रोज म्हणते, आज नाई, उद्या. आमचा हिरो पायीच एंट्री घेऊन राह्यला. लोक ओरडतात, राजे, घोडा कुठी ठेवला?"

"घोडा देत का नाही?"

"कोणाले शिवूच देत नाई. त्याची बादली अलग, घमेलं अलग. लीद बी गड्डा खोदून गाडते. स्वतः आडोशाले झोपते."

इथं माझी ट्यूब पेटली. घोडा दाखवून पैसे मिळत असताना जो तो दाखवत नाही, दुसऱ्याला हात लावू देत नाही, तो घोडा जपत नसतो, माणसं जपत असतो. मी सईसासमोर खुर्ची ओढली. "भाऊ, त्याला बिमारी काय आहे?"

तो इतका वेळ भिंतीकडे बघत होता. आता त्याची मान खाली गेली.

घोडा चंद्रपूरकडच्या एका कोळसा वाहतूकदाराचा. शौक म्हणून पाळलेला, शर्यती जिंकलेला, आणि आता परदेशातल्या मालकाला विकलेला. जाण्याआधी त्याला मूल रोडवरच्या फार्मवर एकटं ठेवलं होतं. रक्त तपासायला गेलं होतं. एका दुपारी फार्मचा मॅनेजर फोनवर बोलताना सईसाने ऐकलं, "रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह आहे."

"साहेब, तबेल्यात मी पाह्यलं हाय. एक डाव असाच रिपोर्ट आला होता. गड्डा खोदला, सुई मारली, वरून चुना टाकला. लगाम मीच धरला होता." त्याने तळहात पँटला पुसला. "बाबू शिंगरू होता तवापासून माझ्याजवळ हाय. मले नाई जमलं."

सगळे जेवायला बसले असताना त्याने बाबूला धान उतरवून वडशाकडे परतणाऱ्या ट्रकमध्ये चढवलं होतं.

मी ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी दारातूनच विचारलं, "कोणी कोणी हात लावला?"

मी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "शिंकलाही," जमादार मदतीला धावले.

बाईंनी समजावून सांगितलं. परदेशी जाणाऱ्या घोड्याला आधी दुसऱ्या जनावरांपासून वेगळं ठेवतात. मानेत चिप, फ्लूची लस, रक्ताच्या तपासण्या, आणि सगळं नीट असेल तरच सरकारी आरोग्य प्रमाणपत्र मिळून तो विमानात चढतो. तपासण्यांत सगळ्यात धास्तीचा रोग ग्लँडर्स. नाक वाहतं, अंगावर गाठी येतात, माणसालाही होतो. पक्का ठरला तर कायद्यानं घोड्याला मारावंच लागतं. "तो माणूस कितीही रडला तरी," त्या म्हणाल्या. "आणि एवढी माणसं असलेल्या जागी आणून त्यानं फार मोठी जोखीम घेतली, हेही त्याला सांगा." मी सांगितलं. त्याने मान डोलावली.

मग नगरपालिकेचा कोंडवाडा रिकामा करून घेतला. मोकाट गाई सोडल्या, चुना फासला आणि बाबूला तिथं ठेवलं. सईसाशिवाय तो कोणाकडून पाणीही पिईना, आणि बाईंच्या मते सईसालाही देखरेखीखाली ठेवणं भाग होतं. एव्हाना घोड्याचा मालक येऊन दाखल झाला होता. घोडा बाहेर फिरला हे कळलं तर सौदा मोडेल, म्हणून इतके दिवस त्याने तक्रारच दिली नव्हती. आता मात्र त्याने चोरीची फिर्याद दिली. आम्ही गुन्हा नोंदवला, अटकेऐवजी सईसाला नोटीस दिली आणि दारावर शिपाई बसवला. आरोपी आणि मुद्देमाल एकाच कोंडवाड्यात, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

फार्मचा मॅनेजर मालकाबरोबरच आला होता. फोनवरच्या रिपोर्टचं विचारताच तो गोंधळला. "साहेब, तो फ्लूचा होता. लस लागू पडली, म्हणून पॉझिटिव्ह. चांगली गोष्ट होती ती! ग्लँडर्सचा रिपोर्ट तर अजून यायचाय."

मला हसावं की त्याला झापावं कळेना. कोरोनात त्या एका शब्दानं आपल्या सगळ्यांना खोलीत कोंडलं होतं. सईस काय वेगळा? पण बाई हसल्या नाहीत. "ग्लँडर्स नाही, हे अजून कुठं ठरलंय?" त्यांनी नव्यानं रक्त घेतलं आणि बर्फाच्या डब्यातून उत्तरेतल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवलं.

ते वाट पाहण्याचे दिवस! त्यातच मला सर्दी झाली. नाक वाहायला लागल्यावर सौ.ने माझं ताट ओसरीवर मांडलं. मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, हरभरे भिजवून ठेवू का?" ठाण्यात माझ्या टेबलापासून खुर्च्या लांब सरकल्या. वरून मी हसत होतो, पण रोज आंघोळीच्या वेळी अंगावर गाठी चाचपत होतो. आणि कोंडवाड्यावरून जाताना आत बघायचं टाळत होतो. रिपोर्ट वाईट आला तर तो हुकूम त्या माणसाला मलाच सांगावा लागणार होता, आणि लगाम पुन्हा त्यालाच धरावा लागणार.

अखेर एका सकाळी बाईंचा फोन आला. मी जीपची वाट न पाहता पायीच निघालो. सईस घोड्याच्या पायाला मालीश करत होता. मला बघून उभा राहिला, पण पुढे येईना.

"ग्लँडर्स निगेटिव्ह," मी म्हणालो.

त्याचा चेहरा तसाच. "साहेब, मराठीत सांगा. जगते का नाई?"

"जगते."

त्याने बाबूच्या मानेला कपाळ टेकवलं. बाबूने त्याच्या टोपीला तोंड लावलं, ती उचलली आणि खाली टाकली. दारावरचा शिपाई तोंड फिरवून डोळे पुसत होता. मी नाक पुसत होतो, पण ती सर्दी होती.

मालकाने बरीच आदळआपट केली. पण घोड्याला पुन्हा पहिल्यापासून वेगळं ठेवायचं होतं आणि तो दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नव्हता. शेवटी मालकाने सईसाला परत कामावर घेतलं आणि कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. काही महिन्यांनी बाबू विमानात चढला. त्याला चढवून सईस मला भेटायला आला. तबेल्यातलं काम सोडून आता गावी धान लावतो म्हणाला.

लोकांना वाटतं, पोलिसाचं काम गुन्हेगाराला बोलतं करण्याचं. या प्रकरणानं मला दुसरी बाजू दाखवली. आपण जे सांगतो ते समोरच्याला कळलं का, हे पाहणंही आपलंच काम आहे. त्यानंतर अपघाताची, शवविच्छेदनाची, कोर्टाची कुठलीही बातमी नातेवाइकांना देताना मी कागदावरचा शब्द वाचून दाखवला नाही. त्यांच्या शब्दात सांगितलं, आणि त्यांची मान हलेपर्यंत तिथंच उभा राहिलो.