तीन नंबरची पाळी

वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून मी कधी ऐकीव गोष्ट पाठवली नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जात असे. हे मात्र स्वतः पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो...

साठच्या दशकाची अखेर. गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं झाई गाव. चिकूच्या पाच वाड्या, पाच विहिरी, आणि वीज अशी की एका वेळी एकच पंप चाले. पाळीवरून रोज भांडणं. माझा मेहुणा दत्ताराम वायरमन. त्याने दोन महिने खपून एक बोर्ड बनवला. बोर्ड क्रमाने एकेका पंपाला वीज देई. हौद भरला की त्यातला तरंगता डबा वर येई, वायरीवरून तशी खबर येई, कागदाच्या गुंडाळीवर त्या नंबराची खूण उमटे आणि वीज पुढच्या पंपाला जाई. तासाभरात खबर आली नाही, तर लाल दिवा लागून पाळी पुढे सरके.

एप्रिलमध्ये तीन नंबरची मोटर जळाली. ती जानकीमावशींची वाडी. नवरा गेलेला, नवी कलमं नुकती धरलेली. मोटर दुरुस्तीला मुंबईला गेली. मावशी घागरींनी पाणी आणत, पण ते पुरेना. भर उन्हाळ्यात आपली पाळी द्यायला कोणी तयार नव्हतं. आठवडाभरात कलमं जळणार हे दिसत होतं.

दत्ताराम तीन नंबर बोर्डावरून काढायला निघाला, तेव्हा मावशींनी अडवलं.

"राहू दे रे. एकदा काढलेली पाळी परत कोण देतोय?"

शेजारचे हरीभाऊ म्हणाले, राहू दे, तेवढाच तासभर बोर्डालाही आराम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तीन नंबरची पाळी आली. चाळीस मिनिटांनी कागदावर खूण उमटली. वायर चिकटली असेल, असं म्हणत दत्ताराम मला घेऊन वाडीत गेला. हौद काठोकाठ भरलेला. मोटरीच्या जागी नुसते चार बोल्ट. पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा — कोरडा. मावशी कलमांना पाणी सोडत होत्या.

पुढच्या दिवशी मी पाळीआधीच जाऊन रिकाम्या हौदाच्या कठड्यावर बसलो. दहाला पाणी तळापासून चढू लागलं. आवाज नाही, धार नाही. चाळीस मिनिटांत हौद भरला आणि विहिरीची पातळी हातभर उतरली.

मोटर येईपर्यंत नऊ दिवस हे चाललं. मध्ये हरीभाऊंनीही आपली मोटर काढून ठेवून पाहिली. तासाने लाल दिवा लागला, पाळी गेली, आणि त्या दिवशी त्यांना मावशींच्या हौदातून घागरी न्याव्या लागल्या.

कलमं सगळी जगली. बोर्डाची बातमी मी पाठवली, ती हे नऊ दिवस वगळून. दत्तारामने सगळं वायरिंग उलगडून तपासलं. दोष सापडला नाही. त्याला खोदून विचारलं, तेव्हा तो स्क्रू पिळत म्हणाला,

"बोर्ड पाळी देतो आणि हौद भरला का ते बघतो, भाऊजी. भरला कुणी, हे विचारायची सोय मी त्यात केलेली नाही."