शेऱ्याचा रकाना

सोमवार, १५ जुलै २०२४, सकाळी साडेआठ. भूगोल विभागामागच्या तारेच्या कुंपणात मावशी उकिडव्या बसल्या होत्या. पर्जन्यमापकातले पाणी त्यांनी काचेच्या मोजपात्रात ओतले, पात्र सपाट दगडावर ठेवले, पदर दातांत धरला, एक डोळा मिटला आणि दुसरा पाण्याच्या पातळीला आणला. मी उभ्यानेच वाकून आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला.

"वरून बगू नको," मान न वळवता त्या म्हणाल्या. "वरून बगितलं की जास्तीच दिसतं. मोजायचं तर खाली बसावं लागतं, बाय."

मी बसले. आकडा खरोखरच माझ्या आकड्यापेक्षा कमी होता. मी विज्ञान शाखेची, बारावीला भौतिकशास्त्रात कॉलेजात पहिली, आणि माझी चूक झाडलोट करणाऱ्या बाईने दाखवली होती. मला राग आला. या हकिगतीत मला पुढे पुष्कळांचा राग आला. हा पहिला, आणि तो चुकीच्या माणसावर होता.

नव्या अभ्यासक्रमात आम्हाला दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावा लागतो. 'प्राकृतिक भूगोलाची ओळख' मी घेतला, कारण त्यात गुण सहज मिळतात असे सगळे सांगत होते. महाळुंगे पडवळहून माझी एस.टी. सव्वाआठला पोचे आणि तास नऊला असे. मधला वेळ मी कुंपणापाशी काढू लागले.

तुमच्याही कॉलेजात अशा मावशी असतील. नाव कोणी विचारत नाही, हाक मात्र दिवसातून पन्नास वेळा मारली जाते. आमच्या मावशी ठेकेदाराच्या नोकरीत होत्या, शिक्षण सातवी. पाऊस मोजणे हे आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या सरांचे काम होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ते मावशींच्या गळ्यात टाकले आणि स्वतःकडे महिनाअखेरीची सही तेवढी ठेवली. मावशी रविवारी येत, दिवाळीत येत. मुले चिडवत, "मावशी, आज सुट्टी आहे." त्यांचे उत्तर ठरलेले असे: "ढगाला सांग की."

सरांनी एकदा पर्जन्यछायेची व्याख्या लिहून दिली. उदाहरण थेट दक्षिण अमेरिकेतल्या पर्वतांचे. खिडकीबाहेर सह्याद्रीची रांग स्पष्ट दिसत होती. तिचा उल्लेख झाला नाही. मावशी व्हरांडा झाडत होत्या. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले.

"माझं म्हायेर भीमाशंकराच्या अंगाला. तितं चार म्हैने डोईवरचं इरलं उतरत नव्हतं. लगीन होऊन हितं आले, तर सासू रोज ढगाकडं बगून म्हनायची, 'चालले बगा पावणं, च्या बी न घेता.' येकाच तालुक्यात म्हायेर वलं आन् सासर कोरडं. त्येच सांगत व्हते ना तुजं सर?"

तेच सांगत होते. मी परीक्षेत हे उदाहरण लिहिले. सरांनी लाल शाईने शेरा दिला: 'उदाहरण पुस्तकातील द्यावे.' दोन गुण कापले.

सत्राअखेरीस प्रकल्प सादर करायचा होता. मी पर्जन्यमापकाची नऊ वर्षांची नोंदवही रोज दुपारपुरती मागून घेऊ लागले. आपले काम इतरांपेक्षा वेगळे दिसावे, ही माझी इच्छा होती. ती मी नाकारत नाही. वहीत तीन रकाने होते: तारीख-वेळ, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि शेरा. मी पहिले दोन संगणकात भरले. तिसऱ्यात पानेच्या पाने वरच्यासारखेच म्हणून मारलेल्या दोन-दोन उभ्या रेघा होत्या. आलेखाला त्यांचा उपयोग नव्हता. मी तो रकाना गाळला.

आलेखात मोठी गोष्ट सापडली. जून २०२२पासून आमच्या कॉलेजातला पाऊस एकाएकी निम्मा झाला होता. आसपासच्या दोन ठिकाणच्या नोंदींत तशी घट नव्हती. मी निष्कर्ष काढला: निरीक्षकाची चूक. १४ ऑक्टोबरला प्राचार्यांसमोर तो पडद्यावर लाल चौकटीत दाखवला.

"हे निरीक्षक कोण?" प्राचार्यांनी विचारले.

"नोंदी मावशी घेतात," सर तत्परतेने म्हणाले. वर्ग हसला. "आता त्यांना काय कळणार, सर. आपणच लक्ष घालायला हवं होतं."

मी हसले नाही. पुढचे चित्र लावले. त्या प्रकल्पाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

पुढच्या सोमवारी कुंपणाशी गेले, तेव्हा विभागाबाहेर दुसरीच बाई झाडत होती. "पहिलीला काढलं," ती म्हणाली. "आकडं खोटं लिहायची म्हनं."

अहवालाला जोडण्यासाठी मला नोंदवहीच्या एका पानाचे छायाचित्र हवे होते. विभागात जाऊन घट सुरू झाली ते पान उघडले. ११ जून २०२२. शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षर: 'जुना पेला सरांच्या हातून फुटला. नवा पेला मोठ्या नरसाळ्याचा आहे. निम्मेच दाखवतो. दुप्पट धरावे. सरांना सांगितले.' खाली, रोज, दोन रेघा. दोन वर्षांहून अधिक काळ, एकही दिवस न चुकता, दोन रेघा. आणि प्रत्येक महिन्याच्या तळाशी सरांची सही.

मोजपात्राच्या खुणा पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळानुसार आखलेल्या असतात. पर्जन्यमापक जुनाच ठेवून दुप्पट तोंडाच्या नरसाळ्याचे पात्र आणले, तर आकडा निम्मा येतो. हे गणित सातवीच्या पलीकडचे नाही. सरांना ते करायचे नव्हते. मला करता येत होते. मी रकानाच वाचला नव्हता. मी सगळे आकडे दुप्पट केले. आलेख शेजारच्या दोन्ही ठिकाणांशी जुळला.

वही घेऊन मी सरांकडे गेले.

"अगं, गुण भरून झाले," ते म्हणाले. "तुझं काही नुकसान झालंय का?"

"मावशींचं झालंय, सर."

"तो ठेकेदाराचा प्रश्न आहे. आणि हे बघ, एवढ्या-तेवढ्यावरून विभागाचं नाव खराब करू नये. पुढे माझं शिफारसपत्र लागेल तुला."

ते पत्र मी मागितले नाही. दुरुस्त आलेखासह प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. कारकुनाने 'प्राप्त' असा शिक्का मारला. तीन महिने दर सोमवारी चौकशी केली. दर वेळी तो अर्ज 'साहेबांच्या टेबलावर' होता.

मावशी मला नारायणगावच्या बाजारात सापडल्या, टोमॅटो निवडताना. हिरवे एका क्रेटमध्ये, पिकले दुसऱ्यात, तडकलेले बाजूला. मी सगळे सांगितले, माफी मागितली. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला इचारलं व्हतं का?"

"नाही."

"पडद्यावर दावलंस, तवा मी दाराबाहेरच व्हते. फडं हातात घिऊन. येक डाव भाईर येऊन इचारायचं, मावशी, ह्ये निम्मं कसं?" त्यांनी एक टोमॅटो फिरवून पाहिला. "तुजं सर वाचत न्हाईत, ते मला ठावं व्हतं. तू वाचशील असं वाटलं व्हतं. तू खाली बसून बगायला शिकली व्हतीस."

"मी अर्ज दिलाय, मावशी."

"अर्जाला बी वाचनारं मानूस लागतंय."

क्रेट पुढे सरकवत त्यांनी विचारले, "आता कोन मोजतंय?"

खोटे सांगता आले असते. "कोणी नाही," मी म्हणाले. "सर मोबाइलवर बघून आकडा लिहितात. पर्जन्यमापकात पाला साचलाय."

त्यांनी हातातला चांगला, लालबुंद टोमॅटो तडकलेल्यांत टाकला आणि तो तिथून उचलला नाही. त्यांच्या हातून झालेली मी पाहिलेली ही एकच चूक.

सर अजून तोच विषय शिकवतात, उदाहरणही तेच देतात. अर्ज अजून टेबलावर असावा. माझ्याजवळ नोंदवहीच्या दोन पानांची छायाचित्रे आहेत: एक त्या शेऱ्याच्या पानाचे, दुसरे शेवटच्या रेघांच्या. मावशींना 'उद्यापासून येऊ नका' असे सांगितले गेले ते १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. पण त्या रात्री पाऊस पडला होता. वहीत गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४ची नोंद आहे. वेळ सकाळी साडेआठ. अक्षर तेच, ठसठशीत. शेऱ्यात दोन रेघा. मिलिमीटरच्या रकान्यात ६.२.