अप्पांच्या हाताचे दोन हजार फोटो

थेरगावच्या विजयश्रीनं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट स्वतः केलं. त्यात काय एवढं, असं वाटेल; पण अहो, तिच्या वर्गातली निम्मी पोरं ते डांगे चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानांतून तयार विकत आणतात! हिला मात्र स्वतःचंच करायचं होतं. तिचे अप्पा, सोपानराव, मूळचे परभणीकडचे, चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला. त्या प्रेसनं त्यांची दोन बोटं नेली. हात आत दिसला की मशीन जागच्या जागी थांबावं, एवढंच तिचं सॉफ्टवेअर करणार होतं. त्याला हात ओळखायला शिकवावं म्हणून तिनं अप्पांच्या त्याच तीन बोटांच्या हाताचे दोन हजार फोटो काढले. "आनखी किती गं माय?" म्हणत अप्पा बिचारे हात धरून बसायचे.

नोकरीचं पत्रही आलं होतं. अट एकच, एकही विषय राहता कामा नये.

आणि इथंच पोरीनं माती खाल्ली. प्रोजेक्टचा जाडजूड अहवाल, ज्याला पोरं ब्लॅक बुक म्हणतात, तो छापून बांधायला तिनं त्याच डांगे चौकातल्या रणजीतच्या झेरॉक्सच्या दुकानात दिला. सगळं प्रोजेक्ट असलेला पेन ड्राइव्हही दोन दिवस तिथंच राहू दिला. "राहू दे ताई, निवांत छापतो," म्हणाला तो. छापलं, आणि पेन ड्राइव्हमधलं प्रोजेक्ट चार कॉलेजांतल्या पोरांना विकलंसुद्धा. मेल्याचा असा संताप येतो म्हणून सांगू!

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी स्क्रीनवरचा हात पाहिला आणि ते हसले. "हे मी सोमवारीच पाहिलंय, दुसऱ्या कॉलेजात."

"सर, हा माझ्या वडिलांचा हात आहे."

"तिथली मुलगी म्हणाली, मामांचा आहे."

विजयश्रीनं प्रोजेक्टला मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या आपल्या मॅडमकडे पाहिलं. त्यांनी वर्षभरात प्रोजेक्ट एकदाही उघडून बघितलं नव्हतं, त्या काय डोंबल बोलणार? त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. बाहेर येऊन तिनं रडत रडत अप्पांना फोन लावला.

अप्पा अर्धी शिफ्ट टाकून आले, कंपनीच्याच कपड्यांत, दोन बस बदलून. तोवर सर नापासाचा शेरा भरून निघूनही गेले होते. लॅबमध्ये शिपाई पंखे बंद करत होता. अप्पांनी त्याच्याच पुढं हात धरला.

"बघा साहेब, माझाच हाये का न्हाई?"

शिपायानं हात नीट निरखून पाहिला. "तुमचाच आहे काका," तो म्हणाला, आणि दाराला कुलूप लावलं.