बाईनं सुरुवात कुठून करायची

सौदा एकदा ठरला की मी त्यातून मागं हटत नाही, आणि समोरच्यानंही हटू नये अशी माझी अपेक्षा असते. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांमध्ये माझं नाव भांडखोर म्हणून घेतलं जातं ते यामुळेच. ठरलेल्या निळ्यापेक्षा कापड थोडं जरी फिकं आलं तर मी टेम्पो दारातूनच परत पाठवते. मैंदर्गीहून लग्न होऊन इथं आले तेव्हा दुसऱ्यांच्या कारखान्यातले शर्ट घरी आणून त्यांचे धागे तोडायची, बटणं लावायची. आज स्वतःचं शेड आहे. मधलं सगळं मी बोलून, भांडून, अडून बसून मिळवलं. म्हणूनच गुरुजींनी माझ्याशी जे केलं ते मला पचलं नाही.

गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले व्यायामाचे शिक्षक. त्यांच्या घराच्या पुढच्या हॉलमध्ये पहाटे कुणीही यावं. आसनं, अनुलोम-विलोम, कपालभाती, शेवटी ओंकार. हॉलच्या मागं एक खोली. तिथं निवडक लोकच जात, आणि ते सगळे पुरुष. आत स्नायू आवळून धरायचे बंध आणि श्वास रोखायचा कुंभक चालत. पाठीच्या कण्याच्या तळाशी, मूलाधारात झोपलेली शक्ती जागी करायची आणि एकेका चक्रातून वर डोक्यापर्यंत न्यायची, अशी ती साधना. गुरुजींना ती त्यांच्या गुरूंकडून मिळाली होती आणि त्यांच्या गुरूंना त्यांच्या.

मी हॉलमध्ये जायला लागले ती पाठदुखीसाठी. मशीनवर वाकून पाठ गेली होती. पाठ बरी झाली, पण मी जात राहिले. एका पहाटे श्वास सोडून शांत बसले असताना माकडहाडाशी काहीतरी ऊन सरकलं. कुणीतरी तिथं तळहात ठेवावा तसं. मी घाबरले नाही, उलट हावरी झाले. त्याच दिवशी गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, मला आत यायचंय."

"बाई, तुमचे चार दिवस असतात. ही साधना खंड चालवून घेत नाही. ते बंद झालं की या."

मला वाईट वाटलं, पण मी ते मान्य केलं. अट कळली होती. अट कळली की मी थांबू शकते. वर्षानुवर्षं हॉलमध्ये बसले. माझ्यानंतर आलेले पुरुष माझ्यासमोरून आत गेले. त्यातला एक तर माझाच कटिंग मास्टर होता. तो आतून बाहेर आला की मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायची आणि तो नजर चुकवायचा.

मग बंद झालं. त्याबरोबर जे यायचं ते सगळं आलं. अंगातून एकाएकी वाफा निघायच्या, मान घामानं भिजायची, झोप उडाली. राग तर आधीच होता, त्याला आता लगाम राहिला नाही. तरीही एक आनंद होता. माझा नंबर आला होता. मी गुरुजींकडं गेले. ते सतरंजी घडी करत होते.

"गुरुजी, बंद झालं."

त्यांनी घडी पूर्ण केली. "आता या वयात शरीर तापवायचं नाही, बाई. नाम घ्या. नामात सगळं येतं."

"मग आतल्यांना नामच का देत न्हाई?"

"वाद घालू नका."

"तुमी शब्द दिला होता की."

"दिला होता. तो त्या वेळच्या तुम्हाला."

नामाला मी कमी लेखत नाही. माझ्या आईनं जात्यावर, शेतात, आजारात नामच घेतलं आणि तिला ते पुरलं. पण मी नाम मागायला गेले नव्हते. मी ठरलेलं मागायला गेले होते. त्या दिवसापासून हॉलमध्ये जाणं बंद केलं.

मागणी मात्र सोडली नाही. धंद्यात 'नाही' याचा अर्थ मी एकच शिकले आहे: माल आत आहे, पण तुझा भाव पसंत नाही. म्हणून मी भाव वाढवत गेले. कटिंग मास्टरकरवी निरोप पाठवले. हॉलसाठी नव्या सतरंज्या शिवून पाठवल्या. मग रुसून बसले. मग चारचौघांत गुरुजींबद्दल वाकडं बोलले, ते त्यांच्या कानावर जावं म्हणूनच. त्यांचा निरोप आला नाही. मला वाटायचं, म्हातारा पक्का आहे, दाबून धरतोय.

याच दरम्यान काज करणारी मशीन बघायला आमची काही गणवेशवाल्यांची टोळी चीनला गेली. मी एकटीच बाई. मशीन विकणाऱ्याच्या गोदामासमोर एक कालवा आणि काठाला झाडं होती. हॉटेल समोरच. झोप येत नसल्यामुळं मी उजाडताच काठावर जायची. तिथं एक म्हातारी रोज उभी असे. गुडघे किंचित वाकवलेले, हात छातीपुढं गोल, जसा मोठा रांजण कवेत धरलाय. नुसती उभी. अर्धा तास, कधी जास्त. ती मशीन विकणाऱ्याची आई निघाली.

दुसऱ्या सकाळी मी तिच्याशेजारी तशीच उभी राहिले. माझे खांदे लगेच भरून आले. तिनं डोळे न उघडता हातानं माझी कोपरं खाली दाबली. आमच्यातला एक जण मागून जाताना म्हणाला, "अक्का, मशीन घ्यायला आलाय का रांजण?" मी त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आमच्या दुभाषी मुलीला बरोबर नेलं. ती चिनी होती आणि हिंदी छान बोलायची. म्हातारीनं माझं मनगट धरलं, जीभ बघितली, आणि काहीतरी विचारलं. मुलगी लाजली.

"त्या विचारतात, तुमचं महिन्याचं बंद झालं का?"

"झालं."

म्हातारी मांडीवर हात मारून हसली. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, मग अर्धं काम तुम्हाला फुकटात मिळालं. बायका ते साधनेनं बंद करायला वर्षं घालवतात."

मी तिला पुन्हा विचारायला लावलं. मला वाटलं, मुलीची हिंदी चुकली. चुकली नव्हती. त्यांच्या जुन्या ताओ मार्गात बाईच्या साधनेचा वेगळा धडा आहे. महिन्याला जे वाहून जातं ती बाईची मूळ ताकद मानतात. ते वाहणं थांबवून, आत वळवून, त्याचं बळ करायचं. पुरुषाचं वीर्य तसं बाईचं हे. आमच्याकडं ज्याला विटाळ म्हणून मला हॉलमध्ये बसवून ठेवलं, त्याला ही बाई भांडवल म्हणत होती. कालव्याच्या काठावर मला रडू आलं. मुलीला वाटलं मनगट दुखलं.

पुढचे दिवस मी दुपारी मशीनचा भाव पाडायची आणि पहाटे म्हातारीपुढं उभी राहायची. तिनं जे शिकवलं ते मी इथल्याशी ताडून बघत होते. किती तरी गोष्टी त्याच. जीभ टाळूला लावायची, आम्हीही लावतो. कण्यातून वर जाणारी वाट, तीही तशीच. श्वास नाभीपर्यंत न्यायचा, मन त्याच्यामागं चालवायचं, घाई करायची नाही. पण आमची वाट वर जाते आणि तिथंच संपते. डोक्यावर पोचलं की देहाचं काम झालं, पुढं सुटका. म्हातारीची वाट वर जाऊन थांबत नाही. कपाळावरून, जिभेवरून, छातीवरून खाली उतरते आणि बेंबीखाली येऊन साठते. "वर नेलेलं वर ठेवून घरी जायचं नाही," असं ती रोज सांगायची. तिला सुटायचं नव्हतंच. तिला देहातच नीट राहायचं होतं, शेवटपर्यंत.

माझ्या वाफांबद्दल ती म्हणाली, "तुझी आग वर गेली आणि पाणी खाली राहिलं. भांड्यावर जाळ केला तर काय शिजेल? आग खाली आण." चूल पेटवणारी कुठलीही बाई हे समजू शकते. आमच्या आतल्या खोलीतली भाषा मात्र सगळी जाळण्याची होती. मळ जाळायचा, कर्म जाळायचं, वासना जाळायची. मला वाटतं दोन्ही खरं असेल. पण मी आधीच जळत होते.

आणि सुरुवात. पुरुषानं बेंबीखालून सुरू करायचं, बाईनं छातीपासून. तिनं माझा तळहात धरून माझ्याच छातीच्या मध्यावर ठेवला. तिथं ऊब धरायची, ती आपोआप खाली उतरू द्यायची, मग बाकीचं. मी विचारलं, "आणि त्याच्यापुढं?" ती म्हणाली, "आधी हे कर. पुढचं पुढं." हे ऐकून मला राग आला नाही, कारण तिनं काही अट घातली नव्हती. निघताना मी तिला सोलापुरी चादर दिली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, काठ ओढून बघितला आणि मान हलवली. माल पसंत होता.

परत आल्यावर मी रोज चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडवर कामगार यायच्या आधी उभी राहायला लागले. वाफा पूर्ण गेल्या नाहीत. झोप थोडी परतली. पण एक रुखरुख होती. ही गोष्ट मला परक्या भाषेत, दुसरीच्या तोंडून, मोजक्या सकाळींत मिळाली होती. अडलं तर कुणाला विचारायचं? मला माझ्या माणसाकडून, माझ्या भाषेत हवं होतं. आणि मला खात्री होती की बाईचा धडा गुरुजींकडंही असणार. चिनी म्हातारीकडं आहे तर आमच्याकडं का नसेल? दाबून ठेवलाय.

मी गेले. गुरुजी फार थकलेले दिसले. खुर्चीत बसून शिकवत होते. हॉल रिकामा होईपर्यंत थांबले.

"गुरुजी, एकच विचारते. बाईनं सुरुवात कुठून करायची?"

त्यांनी मला समोर बसायला खुणावलं. मी समजले, आता भाव सांगणार.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"माहीत न्हाई का सांगायचं न्हाई?"

"माहीत नाही, बाई. आमच्याकडं जे आलं ते पुरुषाच्या देहाचं आलं. पूर्वी बायका योगिनी झाल्या असतील, झाल्याच. पण त्यांनी देहात काय केलं, ते माझ्यापर्यंत कुणी पोचवलं नाही."

"मग बंद झाल्यावर या, असं का म्हणालात?"

त्यांनी खुर्चीचे हात धरले. "माझ्या गुरूंनी तसं सांगायला शिकवलं होतं. ते म्हणायचे, तोपर्यंत बाई संसारात गुंतते, परत येत नाही. तुम्ही आलात. त्याच्या पुढचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी वय पुढं केलं."

त्या वेळी मला काय वाटलं ते मी अजूनही नीट सांगू शकत नाही. इतकी वर्षं मी ज्या मालासाठी भाव वाढवत बसले होते तो दुकानात नव्हताच. दुकानदारानं 'नाही' म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ 'नाही' एवढाच होता. दाबून धरणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. ज्याच्याकडं काही नाही त्याच्याशी कसं भांडायचं, हे मला येत नव्हतं. म्हणून मी जमेल तेवढं भांडले.

"तेव्हाच माहीत न्हाई म्हणाला असता तर मी दुसरीकडं शोधलं असतं. माझी किती वर्षं गेली, गुरुजी."

"गेली," ते म्हणाले. समजूत घातली नाही.

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. "तिकडं चीनमध्ये तुम्हाला काय सांगितलं? मास्टर म्हणत होता, तुम्ही शेडवर रोज उभ्या राहता."

सांगू नये असं वाटलं. खरंच वाटलं. आता माल माझ्याकडं होता आणि गिऱ्हाईक ते होते. पण समोर एक थकलेला माणूस होता, त्यानं आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला त्याचा अर्धा भाग त्याला कुणी दाखवलाच नव्हता, आणि तो आता विचारत होता.

"हितं न्हाई. आत सांगते," मी म्हटलं.

गुरुजींनी कडी काढली. आतल्या खोलीत एक पंखा, चार आसनं, भिंतीला पोपडे. एवढंच. मी उभी राहिले, हात गोल केले, म्हातारीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. जे मला कळलं नव्हतं तेही सांगितलं. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्यापासून रोज इथंच बसा. मी शिकवू शकणार नाही. पण रोज काय होतं ते मला सांगा. वर जाताना कुठं अडतं, कुठं फसगत होते, ते मला माहीत आहे. तेवढं मी सांगेन."

मी विचार करते म्हणाले. घरी जाऊन खरंच विचार केला. ही दीक्षा नव्हती, आणि जे ठरलं होतं ते तर नव्हतंच. दुसऱ्या पहाटे गेले.

आता ते चालू आहे. आत बसते तेव्हा दार उघडं ठेवते, हॉलमधल्या बायकांना दिसावं म्हणून. एक-दोघी आत येऊन बसायला लागल्या आहेत. त्यांना मी आधीच सांगते की मला हे अर्धंच येतं. आतल्या जुन्या पुरुषांपैकी एक जण यायचा बंद झाला, त्याला कुणी बोलवायला गेलं नाही. गुरुजींना मी माफ केलेलं नाही आणि त्यांनी मागितलेलंही नाही. मी उठले की ते विचारतात, "आज कुठवर?" मी सांगते. ते डोळे मिटून ऐकतात, मग म्हणतात, "याच्याबद्दल मला काही सांगता येत नाही. उद्या बघू."